सत्तावीस नंबरचं नाव

८ मार्च २०२१, सोमवार

"अंग घासताना बोलू नये." महापालिकेचा कागद! मालकीणबाईंनी आज माझ्या बाकाच्या वर, बरोब्बर नाकासमोर चिकटवला. भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून. एकतीस वर्षं मी या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासतेय. बाई बाकावर पालथी झोपली, पाठीवर गरम पाणी पडलं, की ती बोलायला लागतेच. सून, गुडघे, नवरा, गेलेला मुलगा — सगळं तिथं निघतं. मळ काढणं नुसतं निमित्त. आता म्हणे मी मुक्यानं घासायचं. खाटकासारखं!

वाफेची खोली डिसेंबरपासून बंदच आहे, दाराला लाल पट्टी मारून. हौदात एका वेळी चौघीच. तासाभरात बाहेर. आणि मला त्या वाफेत मास्क. ओला होतो, नाकाला चिकटतो, श्वास घेता येत नाही. दिवसाला सहा बदलते. हे नियम काढणाऱ्या साहेबाला एकदा माझ्या जागी उभं करा. अर्ध्या तासात आडवा होईल.

कागद काढला नाही. मालकीण बिचारी घाबरट, तिला दंड झाला असता. पण बोलले मी. सगळ्यांशी बोलले, मुद्दाम, रोजच्यापेक्षा जास्त.

९ मार्च, मंगळवार

निळ्या फाटकाच्या आजी सकाळी सगळ्यात आधी आल्या. महिन्याचा पास, रोजचा नेम, स्वतःची टोपली फळीवर. वय चौऱ्याऐंशी. म्हणाल्या, "अंग मोडून आलंय गं. घाम काढते जरा." दारातल्या यंत्रानं कपाळ बघितलं, छत्तीसच दाखवलं. बाहेरच्या गारठ्यातून आलेलं कपाळ, दुसरं काय दाखवणार! मी त्यांना गरम हौदात जास्त वेळ बसवलं. थंडी बाधली की असंच करायचं. माझी आई हेच करायची, तिची आईही. मग दाबून घासलं. मधे मधे खोकत होत्या. मी पाठ चोळून दिली, म्हटलं, निघेल घामाबरोबर.

सत्तावीस नंबर पण आज सकाळीच आली. एरवी मंगळवारी दुपारी येते, सगळं रिकामं असताना. आज वाऱ्यामुळे होड्या गेल्या नाहीत, कालवांची शेड बंद, म्हणून लवकर. आजींच्या शेजारीच हौदात बसली. आजींनी तिला आपल्या बाटलीतली गार कॉफी पाजली.

तिचं नाव मला माहीत नाही. कपाट क्रमांक सत्तावीस घेते, म्हणून सत्तावीस. नऊ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा तिची पाठ बघितली तेव्हा माझा हात थांबला होता. जुने वळ, त्यावर नवे, आणि खांद्याखाली एक भाजल्याचा डाग. भुवईवरही एक खूण. मी विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला तीच बोलली. नवरा दुसऱ्या शहरात सरकारी कचेरीत कारकून. ही दोनदा पळाली, दोन्ही वेळा त्यानं शोधून काढलं. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीला फोन — "जरा हे नाव बघा हो" — की झालं, पत्ता हातात! आता धक्क्यापलीकडच्या शेडमध्ये कालवं फोडते. लेकीला घेऊन एका खोलीत राहते. मी तिला सांगितलं होतं, माझ्या तोंडून तुझं कुणाला काही कळणार नाही. न्हाणीघराच्या दारातल्या वहीत ती खोटं नाव लिहिते. मला माहीत आहे. मी बघून न बघितल्यासारखं करते.

११ मार्च, गुरुवार

आजी पॉझिटिव्ह!

सकाळी दहाला शहरातल्या सगळ्या फोनांवर एकदम घंटा वाजली. "अमुक न्हाणीघर, बायकांची बाजू, ४ ते ९ मार्च, पहाटे साडेपाच ते सात. या वेळेत गेलेल्यांनी तपासणी करून घ्यावी." नाव नाही म्हणे! पहाटे साडेपाचला रोज कोण येतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अकरा वाजायच्या आत किराणावाल्यानं आजींच्या सुनेला दुकानात येऊ नका म्हणून सांगितलं. निळ्या फाटकावर कुणीतरी कागद डकवला — "या दिवसांत अंघोळीचे चोचले!"

चोचले? त्या बाईच्या घरात गरम पाण्याचा नळ नाही. ते लिहिणाऱ्याला एकदा माझ्या बाकावर झोपवा. कातडी सोलेन.

दुपारी आरोग्य केंद्रातून फोन. सॉल नावाची मुलगी. आवाज बसलेला, घशात वाळू भरल्यासारखा. मला चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मग म्हणाली, "मा पिल्न्यो यांच्या जवळ कोण कोण होतं, काकू?" मी म्हटलं, कोण ही मा पिल्न्यो? ती हळूच म्हणाली, "त्या आजी."

अठरा वर्षं मी त्या बाईची पाठ घासतेय. कोणत्या मणक्यावर तीळ आहे सांगू शकते. नाव मला सरकारकडून कळलं.

१२ मार्च, शुक्रवार

नाकात काडी घालून आणलं. निगेटिव्ह! म्हटलं, मग सोडा मला. नाही म्हणे, नियम. दाराबाहेर खोकं ठेवून गेले — तयार भात, सुक्या नूडल्स, डब्यातला मासा, समुद्रशेवाळ, आणि कचऱ्याच्या केशरी पिशव्या. जणू मीच कचरा.

फोनमध्ये एक ॲप घातलंय. दिवसातून दोनदा ताप मोजून भरायचा. फोन दोन तास हलला नाही की कोकलायला लागतो — "आपण सुरक्षित आहात का?" आज दुपारी डोळा लागला होता, त्यात कोकलला. दचकून उठले तर गुडघा कपाटावर आपटला. सुरक्षित होते मेल्या, तू उठवेपर्यंत!

माझ्या घरात मी कधी झोपते, कधी उठते, आता सरकारला कळतं. नवरा जिवंत होता तेव्हा त्यालासुद्धा मी एवढा हिशेब दिला नाही.

१३ मार्च, शनिवार

सॉलचा परत फोन. वहीतल्या सगळ्या जणी सापडल्या, एक सोडून. "तिनं लिहिलेला नंबर अस्तित्वातच नाही काकू. तिकीट रोखीनं घेतलंय. दारातल्या कॅमेऱ्यात नुसती टोपी आणि मास्क. हौदात ती त्या आजींच्या शेजारी बसली होती असं दोघी सांगतात. तुम्ही तिचं अंग घासलंत ना? कुठं राहते? काय काम करते?"

मी म्हटलं, मी पाठी बघते, तोंडं बघत नाही.

"काकू, मी चेष्टा करत नाहीये."

मीही नाही! म्हटलं, तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, बोलू नये? बोललेच नाही, मग मला कसं माहीत असणार? छान कोंडीत पकडलं म्हणून मलाच आनंद झाला. पण ती चिडली नाही. म्हणाली, ती बाई आजारी असेल आणि चार जणींबरोबर काम करत असेल, तर त्या चार जणींची नावं पुढच्या आठवड्यात मला घ्यावी लागतील. मग म्हणाली, "कुणी तिच्या मागावर असेल तर तिची नोंद वेगळी ठेवायची सोय आहे."

हिला कसं कळलं? अशा आणखी बायका असतील मग. सोय आहे म्हणे! आजींची पण सोयच केली होती ना — नाव नाही, फक्त वेळ लिहिली. तासाभरात फाटकावर कागद! आणि जो नवरा स्वतः सरकारी खुर्चीत बसलाय त्याला कोणती सोय अडवणार? नाही सांगणार. दंड करा, तुरुंगात घाला, नाही सांगणार. माझ्या बाकावर निघालेलं बाहेर जात नाही. ते जर मी सरकारला विकलं तर एकतीस वर्षं मी केलं तरी काय?

१४ मार्च, रविवार

आजी गेल्या. पहाटे.

संध्याकाळी

आजींच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं. शेवटचं बघू दिलं नाही. काचेतून, तेही दुरून. अंग पुसायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत, पिशवीत घालून थेट दहनाला. ज्या बाईनं आयुष्यात एक दिवस अंघोळ चुकवली नाही, तिला न धुता पाठवलं! मी तिथं असते तर दार फोडलं असतं. मी रडले, भांडी आपटली, शेजारणीनं भिंतीवर थाप मारली तर तिलाही दोन सुनावल्या.

आणि मग बसले तेव्हा डोक्यात आलं, की त्या दिवशी मी त्यांना गरम हौदात जास्त वेळ बसवलं होतं. खोकत होत्या आणि मी बसवलं होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर? सगळ्यांना शिव्या घालतेय मी चार दिवस. हे कुणाला सांगू?

शेडमध्ये तीस-बत्तीस बायका आहेत. निम्म्या सत्तरीच्या. पाठीला पाठ लावून उभ्या असतात दिवसभर. सत्तावीस त्यांच्यात.

१५ मार्च, सोमवार

गेले मी!

काल संध्याकाळपासून विचार करत होते. सॉलला सांगितलं तर नाव जातं. गप्प राहिले तर शेडमधल्या म्हाताऱ्या जातात. मग सुचलं, तिला जाऊन सांगायचं. धक्क्याजवळ तंबू टाकलाय, तिथं नाव न विचारता तपासतात, नुसता फोन नंबर घेतात. तिनं तिथं जावं, बस्स. पण सांगणार कसं? तिचा नंबर माझ्याकडे नाही. पायीच जायला हवं होतं.

फोन टेबलपंख्याला बांधला आणि पंखा मान हलवायच्या बटणावर लावला. फिर म्हटलं गरागरा! सरकारला वाटू दे, ही बोकसुनबाई घरात येरझाऱ्या घालतेय. दोन मास्क लावले, टोपी घातली, मागच्या गल्लीनं निघाले. साडेअकराला. जेवणाच्या सुट्टीत पोचायचं होतं.

शेडच्या मागं शिंपल्यांचा डोंगर, त्याच्या आडोशाला उभी राहिले. गाडी भरणाऱ्या माणसाला म्हटलं, भुवईवर खूण असलेली बाई आहे ना, तिला बोलव. ती रबरी अंगरखा घातलेली तशीच बाहेर आली. मला बघून पांढरी पडली. तिला वाटलं, तो आला.

मी सगळं सांगितलं, आजी गेल्याचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी घाबरट आहे, मूर्ख नाही. घंटा वाजली त्याच दिवशी तंबूत जाऊन आले. शनिवारी परत गेले. दोन्ही वेळा निगेटिव्ह. जेवतेही मी त्या दिवसापासून वेगळी, भिंतीकडे तोंड करून."

मी एवढी शहाणी! चोरासारखी आले आणि तिनं ते चार दिवसांपूर्वीच केलेलं. मला हसायलाच आलं. तिलाही. खूप दिवसांनी मी माणसाशी समोरासमोर बोलत होते. तिनं सांगितलं, लेक तिसरीत गेली, या शाळेत तिला पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली. "पण वेळ आली तर दहा मिनिटांत बॅग भरते मी. सवय आहे," म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि तुम्हाला माझं नावही माहीत नाही." आणि तिनं नाव सांगितलं. खरं. इथं लिहिणार नाही. या वहीतसुद्धा नाही.

निघताना तिनं टोपलीतलं एक मोठं कालव घेतलं, सुरीचा एक हिसका देऊन फोडलं आणि बोटांनीच माझ्या तोंडाशी धरलं. शेडवर आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही, ही इथली रीतच आहे. मी मास्क खाली केला. समुद्राची सगळी चव तोंडात! तेवढ्यात आणखी दोघी आल्या, जेवायला निघालेल्या, साठी-सत्तरीच्या. "अगं ही न्हाणीघरातली मावशी ना!" त्यांनीही एकेक भरवलं. एकीनं माझे गाल धरले, वाळलीस म्हणाली. पंधरा-वीस मिनिटं उभ्या होतो आम्ही, खिदळत. मास्क हनुवटीवर.

घरी आले तर पंखा अजून फिरत होता. ॲप गप्प. जिंकले मी!

१६ मार्च, मंगळवार

सॉलचा फोन. काल कुठं बाहेर? नाही म्हटलं. त्या बाईचं काही आठवलं? नाही. म्हणाली, तुम्ही तर खूश दिसताय. म्हटलं, खुशीच आहे. तुमच्या नियमांत न बसणारी माणसंसुद्धा तुमच्याइतकीच शहाणी असतात, एवढंच सांगते. तिच्या मागं कुणीतरी दुसरा फोन उचलत होतं. हिनं चार दिवसांत जेवण तरी केलं असेल का, असं उगाच वाटलं. मग वाटलं, आपल्याला काय करायचंय!

१७ मार्च, बुधवार

घसा.

सकाळी उठले तेव्हा नुसता खवखवत होता. वाटलं, पंख्याचा वारा बाधला. गरम पाण्यात पाय घालून बसले, डोक्यावरून पांघरूण घेतलं, घाम काढला. दहा वाजता आंबवलेल्या कोबीचा, किमचीचा डबा उघडला. वास नाही. नाक आत खुपसलं. नाही. लसूण ठेचला, बोटाला लावला, हुंगला. काही नाही, काही नाही!

ॲपमध्ये घशाचं बटण आहे. त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. दाबलं तर गाडी येणार, काडी घालणार. न दाबलं तर? आणखी सात दिवसांनी आपोआप सुटका. कुणालाही कळणार नाही. बत्तीस बायका. गाल धरणारीचे हात कसे गार होते.

दाबलं.

माझ्यावरच माझा एवढा संताप झालाय की हाताला धरून कुणी बाहेर ओढावं आणि भर चौकात चार द्याव्यात. ती भिंतीकडे तोंड करून जेवत होती. आणि मी गेले, उपकार करायला! मास्क कुणी काढायला लावला होता? सरकारनं? नवऱ्यानं तिला दोनदा शोधून काढलं. तिसऱ्यांदा मी गेले, पंखा फिरवून. गाडी दाराशी आली तेव्हा अंतराळवीरासारखा पोशाख घातलेला माणूस म्हणाला, "सावकाश, आजी." तेवढंच. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडायला हवं होतं त्यानं.

१८ मार्च, गुरुवार

पॉझिटिव्ह. सकाळी सातला निरोप आला. साडेआठला गाडी न्यायला येतेय.

सॉलला फोन मीच लावला. म्हटलं, मी सोमवारी घरात नव्हते. कुठं होते ते सांगितलं. तिनं विचारलं, "कुणाच्या जवळ उभ्या होतात?" दोन म्हाताऱ्यांचं वर्णन केलं. "आणि तिसरी?" सॉल म्हणाली. म्हटलं, तिची नोंद वेगळी ठेवाल ना? तिच्या लेकीची शाळा आहे इथं. म्हणाली, "सगळा प्रयत्न करते, काकू. शब्द नाही देऊ शकत." इतक्या दिवसांत मला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर.

मग मी सत्तावीसचं खरं नाव सांगितलं. सॉलला ते नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं, सावकाश. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.